हीटरची अट

हैदराबादेत मोटारीचा हीटर! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसू यायचं नाही. इथला माणूस गाडी घेताना एसी किती लवकर गार होतो तेवढं बघतो. बटणावर ती लाल खूण कशाला काढलीय, हे त्याला गाडी विकेपर्यंत कळत नाही. आणि आमचे एकनाथराव मात्र गेला महिनाभर रोज सकाळी विद्यानगरच्या घराच्या पोर्चमध्ये गाडी चालू करायचे, ते बटण लाल खुणेच्या टोकापर्यंत फिरवायचे आणि पायाजवळच्या जाळीपुढे हात धरून बसायचे. हवा यायची. फरफर यायची. पण गरम म्हणाल तर नाव नको.

“आली का हो?” पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या.

“येईल, येईल. इंजिन तर तापू दे.”

इंजिन तापायचं. काटा मधोमध येऊन बसायचा. हवा आपली तशीच, माठाजवळ बसल्यासारखी. एकनाथराव सत्तर वर्षांचे. सिकंदराबादला रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं घालवलेले. ज्या हातांनी आख्खी इंजिनं उघडून जोडली, त्या हातांना एका तेरा वर्षांच्या डबड्याचा हीटर दाद देईना, याचा त्यांना असा संताप यायचा की ते स्टिअरिंगवर थापड मारायचे. आणि मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून वर बघायचे.

वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत त्यांचा मुलगा ओमकार कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला असायचा. तो हात हलवायचा. बापही हात हलवायचा. काय करणार!

कारण अट ओमकारचीच होती.

त्याचं असं झालं. पद्मावतीबाईंचं माहेर उदगीरच्या अलीकडचं. त्या मुलखात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की शेतातच पंगत: डाळी-दाण्यांची, पालेभाज्यांची दाटसर भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबवलेली आंबील. वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. बाईंनी एखादी दिवाळी चुकवली असेल, येळवस चुकवली नव्हती.

चुकली ती मागच्या वर्षी. दोघं पहाटे गाडीने निघाले, जहीराबादच्या पुढे धुकं लागलं, थंडीने काच आतून धुरकटली आणि बाईंचा दमा उसळला. एकीकडे बायकोची खोकल्याची उबळ, एकीकडे ती काच, त्यात एकनाथरावांच्या उजव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. एका हाताने काच पुसता पुसता गाडी दुभाजकाला घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यांनी घाबरून ओमकारला फोन केला, आणि त्या घटकेपासून घरात बापाचा मुलगा झाला आणि मुलाचा बाप.

मग काय विचारता! एकनाथरावांची स्कूटर गेली. पान्ह्यांची पेटी माळ्यावर गेली. गेटवर कॅमेरा बसला. फोनमध्ये असं काहीतरी घातलं की हे कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी ओमकारला वर बसल्या जागी कळायचं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तर वाकायचं नाही, उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही. आणि प्रत्येक नाहीच्या शेवटी एकच वाक्य: “बाबा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.” पोरगं वाईट नाही हो. शिव्या देणारा मुलगा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा पायात मोजे घालून द्यायचा. सून श्रुती होती तोवर ती मधूनच सासऱ्याची बाजू घ्यायची, पण ती महिन्याभरासाठी पुण्याला माहेरी गेली होती. एकनाथराव गेटच्या आत फेऱ्या मारायचे. एका टोकाला तुळस, दुसऱ्या टोकाला पाण्याची मोटर. एकवीस पावलं.

आणि यंदा पद्मावतीबाईंच्या थोरल्या भावाचा फोन आला. पोरांनी शेत सोलरवाल्यांना दिलं होतं, संक्रांत झाली की कुंपण पडणार होतं. म्हातारा फोनवर रडला. म्हणाला, “पद्मे, ही येळवस शेवटची. पुढल्या साली कोप कुठं घालायची?”

बाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “मला जायचंय.”

“जायचंच,” एकनाथराव म्हणाले.

ओमकार नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही. म्हणाला, “जा ना. डॉक्टरांनी डोळ्याचं हो म्हटलं की जा. फक्त हीटर नीट करून घ्या. काचेवर गरम हवा आली पाहिजे, आईला थंडी बाधायला नको. मला चालवून दाखवा आणि जा.” आता सांगा, यात चुकीचं काय आहे? बापालाही ते पटलं.

पद्मावतीबाई म्हणाल्या, “आपण बसने जाऊ या का?”

“बसने? तुझा दमा, वर फाट्यापासून सहा किलोमीटर धुरळा. नाव काढू नकोस.”

“मग भाड्याची गाडी करू.”

“सासुरवाडीच्या शेतात मी भाड्याच्या गाडीतून उतरू? आपली गाडी दारात असताना? तू गप बस, मी बघतो.”

बाई गप बसल्या. त्यांना सवय होती.

गाडी खाजाभाईकडे गेली; चालवायला अजून मनाई, म्हणून न्यायला-आणायला खाजाभाईच यायचा आणि एकनाथराव शेजारी बसायचे. रामनगरच्या अलीकडच्या गल्लीत खाजाभाईचं गॅरेज, पंचवीस वर्षांची ओळख. एकनाथरावांचा त्याच्यावर शेडमधल्या माणसासारखा भरवसा होता. बाईंना मात्र खाजाभाईचं नाव काढलेलं खपायचं नाही. “त्या लबाडाकडे कशाला टाकता गाडी? माझी स्कूटी खाल्ली मेल्यानं,” एवढं त्या दरवेळी म्हणायच्या. ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो त्या न उघडता परत पाठवायच्या. एकनाथराव तेवढ्यापुरते पेपरात तोंड खुपसायचे.

गाडी दोन दिवसांनी परत आली. गेली तेव्हा हवा निदान कोमट तरी यायची, आली तेव्हा पार गार. पुन्हा नेली. “पाइप में हवा भर गई थी साब, निकाल दिया.” घरी आणून बघतात तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेली. “अंदर का पार्ट चोक है साब. बंबई से आनेका है.” सांगताना खाजाभाई पाना पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

“कधी येणार?”

“आता, आता. दो-चार दिन में.”

येळवस पाच दिवसांवर आली. बाईंनी आंबिलीचं मडकं उन्हात वाळवलं. डाळी निवडून ठेवल्या. पार्ट काही येईना. एकनाथराव रोज फोन करायचे आणि रोज बाईंना सांगायचे, “पार्ट आला की निघू.” बाई त्यांच्याकडे बघायच्या आणि पुन्हा सुपातल्या डाळीकडे बघायच्या. जीव नुसता कोंडून गेला होता माणसाचा. चौतीस वर्षं शेडमध्ये हजार लोकांनी ज्याचं ऐकलं, त्याला एका रबरी पाइपाने दारात बांधून घातलं होतं.

चार दिवस उरले त्या सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता वाका, गाडी चालवा, काही हरकत नाही. एकनाथराव घरी आले. ओमकार वर मीटिंगमध्ये होता, आणि मीटिंग मोठी होती, कारण शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी गाडी चालू केली, काटा मधोमध येईपर्यंत थांबले, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. वर्षभरात पहिल्यांदा. त्या वासाने त्यांना बरं वाटलं.

रेडिएटरमध्ये पाणी होतं, काठोकाठ. वरचा मोठा पाइप हाताला चटका देत होता. म्हणजे पाणी तापतंय, फिरतंय. मग आत का जात नाही? हीटरचं काम सोपं असतं. इंजिनात तापलेलं पाणी एका पाइपातून आत जातं, पायाजवळच्या लहानशा जाळीतून फिरतं आणि दुसऱ्या पाइपातून परत येतं. त्या जाळीवरून पंखा हवा ढकलतो. एवढंच. दोन पाइप. दोन्ही गरम पाहिजेत.

त्यांनी इंजिनाच्या मागे हात घातला. आतल्या भिंतीतून बाहेर आलेली दोन नळीची तोंडं लागली. त्यावर पाइप नव्हतेच. रबराची दोन टोपणं बसवलेली होती. आणि इंजिनाकडून येणारा पाइप अर्ध्या वाटेत वळवून पुन्हा इंजिनातच घातलेला होता, दोन क्लिपा आवळून. पाणी आत जाणार कुठून? बाहेरच्या बाहेर फिरून घरी!

हैदराबादेत हे नवीन नाही म्हणा. इथले मेकॅनिक हीटरचा पाइप गळायला लागला की सरळ तोडून जोडून टाकतात, हीटर कोण चालवतं म्हणून. पण एकनाथराव शेडमधले. त्यांनी बोट फिरवून बघितलं. सगळं इंजिन तेरा वर्षांच्या तेलाने काळं, आणि त्या दोन क्लिपा मात्र चकचकीत. आजीच्या नाकात नवी नथ शोभावी तशा. या महिन्यातल्या होत्या. म्हणजे गाडी हीटर दुरुस्तीला गेली आणि हीटर तोडून परत आली.

त्यांनी बॉनेट लावलं. फोन मुद्दाम तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गेट उघडून बाहेर पडले.

खाजाभाई एका गाडीखाली होता. एकनाथरावांनी त्याच्या बाहेर आलेल्या पायाला चप्पल लावली. “बाहर आओ.”

तो बाहेर आला आणि त्यांचं तोंड बघूनच समजला. हात पुसत उभा राहिला.

“पार्ट बंबई से आनेवाला है ना? दोन क्लिपा कुठून आल्या रे? पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं तुझ्याशिवाय कुणाच्या हातात गाडी दिली नाही मी, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? महिनाभर? माझी बायको तिकडे डाळ निवडत बसलीय बिचारी!”

“साब, मेरे कू छोटे साब फोन करे थे,” खाजाभाई हळू आवाजात म्हणाला. “बोले, अब्बा की आँख का आपरेशन हुआ, सुनते नै. गाडी चालू रही तो निकल जाते. हीटर का पाइप निकाल देव, पूछे तो पार्ट आनेका बोलो, येळवस निकल जाने तक.”

एकनाथराव बाकड्यावर बसले. पोटचा पोर! पायात मोजे घालून देणारा! “चालवून दाखवा आणि जा” म्हणाला होता, आणि तोंडावरची रेघ हलली नव्हती. त्यांच्या तोंडून अशा अशा शिव्या बाहेर पडल्या की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला.

“आणि तू ऐकलंस? एवढं पोरगं सांगतं, आणि तू ऐकतोस? लाज नाही वाटली?”

आता मात्र खाजाभाईचाही आवाज चढला. “वाटली साब. क्यों नै वाटली? पण छोटे साब बोले, जैसा अम्मी की स्कूटी का करे थे ना, वैसाइच करो. अब मैं क्या बोलतूं? वो काम मेरे कू किसने सिखाया साब? आपने सिखाया.”

एकनाथरावांना तोंडात मारल्यासारखं झालं.

बावीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. पद्मावतीबाई तेव्हा बेचाळीसच्या. हिमायतनगरला एका मराठी शाळेत त्यांना शिवणकाम शिकवायची जागा मिळाली होती. दोन बस बदलाव्या लागायच्या, म्हणून हट्टाने स्कूटी शिकल्या. हिरव्या रंगाची, सेकंडहँड. सकाळी पदर खोचून, मोठा चष्मा लावून निघायच्या तेव्हा गल्ली बघायची. चार महिने चालवली. मग एकदा नारायणगुड्याच्या चौकात घसरल्या, कोपर सोललं. एवढंच. पण एकनाथरावांची झोप उडाली. नको म्हटलं तर बाई ऐकेनात. मग एके संध्याकाळी स्कूटी सर्व्हिसिंगला नेऊन ते खाजाभाईला म्हणाले होते, “हिचा कार्बोरेटर काढून ठेव. ती विचारायला आली की सांग, पार्ट यायचाय. कंटाळेल आणि सोडेल. तिच्याच भल्यासाठी सांगतोय.” पंधरा वर्षांचा ओमकार तेव्हा शेजारी उभा राहून सरबत पीत होता. घरी जाताना बापाने त्याला डोळा मारून सांगितलं होतं, “आईला बोलायचं नाही हं. बायकांशी भांडून उपयोग नसतो, युक्ती करावी लागते.”

बाई कंटाळल्या. शाळा सुटली. स्कूटी भंगारात गेली. आणि लबाड ठरला खाजाभाई.

“भाभी आती थी पूछने कू,” खाजाभाई खाली बघत म्हणाला. “धूप में. पैदल. मैं तब नया नया था, आपका काम मिलता था, इनकार कैसा करतूं? मेरी बीवी हर ईद कू डब्बा भेजती, हर ईद कू वापस आता. बीवी पूछती, तुम क्या करे उनका?”

मुलाला घरी जाऊन फाडून खायचं एकनाथरावांनी ठरवलं होतं, आणि आता कळलं की मुलासमोर उघडायला त्यांना तोंडच उरलं नाही. ओरडावं तर ओमकार शांतपणे म्हणणार, बाबा, युक्ती तुमचीच. आणि ते आई ऐकणार. गप्प राहावं तर येळवस गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गेटच्या आत निदान एकवीस पावलं तरी चालता येत होतं.

खाजाभाईने पिशवीत पाने भरले. “चलो साब. जोड देतूं.”

वीस मिनिटांचं काम. टोपणं काढली, पाइप जोडले, आत अडकलेली हवा काढली, क्लिपा आवळल्या. “पार्ट चोक है” म्हणालेला तो पार्ट मुळात ठणठणीत होता. गाडी चालू केली, काटा मधोमध आला, आणि जाळीतून अशी गरम हवा आली की एकनाथरावांनी हात मागे घेतला. वरच्या खिडकीतून ओमकार बघत होता. त्याने या वेळी हात हलवला नाही.

निघताना खाजाभाई म्हणाला, “भाभी कू एक बार बोल देव साब. नै बोले तो भी चलता. आदत हो गई अब.”

पद्मावतीबाई बाहेर आल्या, पुढच्या सीटवर बसल्या आणि हवेपुढे दोन्ही तळवे धरले. त्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. “अगंबाई, किती छान! चार खेपा मारल्या तेव्हा केलं म्हणायचं त्या लबाडानं. माझ्या वेळी नाही केलं हो. मी बिचारी...”

सांगायची काही गरज होती का? अट पुरी झाली होती. चार दिवसांनी दोघं शेतात असते, कोपीत बसून भज्जी खात. बावीस वर्षं पचलेली गोष्ट आणखी दहा-वीस वर्षं पचली असती. एकनाथरावांनी तोंड मिटायचा प्रयत्न केला. पण त्या हातांकडे बघून त्यांना ते जमलं नाही.

“पद्मा, खाजाभाई लबाड नाही. मी आहे,” ते म्हणाले. आणि गाडीच्या दाराला धरून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्कूटीचं, ओमकारचं, पाइपाचं. काही लपवलं नाही.

बाईंनी हात हवेपुढून काढले नाहीत. म्हणाल्या, “अकरा वेळा गेले होते मी त्याच्याकडे.”

“अगं, तू पडलीस तेव्हा मला...”

“अकरा वेळा. मार्चचं ऊन होतं. शाळेच्या बाईंनी दोन महिने माझी जागा धरून ठेवली होती, आठवतंय? मी त्यांना सांगत होते, पार्ट आला की येते.” त्यांचा आवाज चढला नाही. “मला वाटायचं, माझ्यातच काही खोट असेल. मी मागितलेली वस्तू मिळतच नाही मला.”

“चुकलं माझं.”

“हो. चुकलं.” त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली, किल्ली काढली आणि कमरेला खोचली. एकनाथरावांना वाटलं, आता भांडेल, रडेल, दोन दिवस अबोला धरेल. पुढच्या अमावास्येपर्यंत सगळं निवळेल. इतकी वर्षं असंच निवळत आलं होतं.

अबोला मात्र धरला नाही. बाई सगळं बोलत होत्या: चहा झालाय, गोळी घ्या, दूध उतू जातंय. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील घातली. भज्जीच्या भाज्या चिरल्या. ओमकार दोनदा खाली आला, आईच्या मागे मागे घुटमळला, “आई, मी फक्त...” म्हणाला. त्यावर बाई म्हणाल्या, “वरून वाळलेले कपडे आण.” तो कपडे घेऊन आला. एकनाथराव आणि तो पोर्चमध्ये एकमेकांसमोर आले तेव्हा दोघांनीही एकदमच गाडीच्या टायरकडे बघितलं. भांडण करायला दोघांपैकी एकाची तरी बाजू खरी असावी लागते.

येळवसच्या पहाटे पाच वाजता एकनाथराव तयार होते. आंघोळ, स्वेटर, मफलर, बूट. नवा डोळा स्वच्छ बघत होता. त्यांनी काच दोनदा पुसली. आंबिलीचं मडकं मागच्या सीटवर उशीत बसवलं. मग किल्लीसाठी हात पुढे केला.

गेटबाहेर मोटारसायकल थांबली. खाजाभाई आत आला. डोक्याला कानटोपी, अंगात धुतलेला शर्ट. त्याच्या हातात डबा होता.

“सलाम भाभी.”

“या भाऊ.” पद्मावतीबाईंनी त्याच्या हातातला डबा घेतला. झाकण उघडून बघितलं, काय आहे ते, आणि आपल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला. “माझं चुकलं हो इतकी वर्षं. तुमच्या बायकोलाही सांगा. संध्याकाळी येताना तिच्यासाठी भज्जी आणू.” आणि कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

एकनाथरावांचा हात तसाच पुढे राहिला. “अगं, हे काय? गाडी मी चालवणार. डॉक्टरांनी हो म्हटलंय. आणि खाजाभाईला यायचंच असेल तर मी मागे बसतो, त्यात काय एवढं.”

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मफलर बघितला. बूट बघितले.

“बूट काढा. कुठे निघालात?” त्या म्हणाल्या. “थंडी किती आहे. तुमचा डोळा अजून कच्चा आहे. धुरळ्यात नको. पुढच्या वर्षी जाऊ तुम्हाला घेऊन.”

“पुढच्या वर्षी?” एकनाथरावांचा आवाज फाटला. “पुढच्या वर्षी कुठलं शेत, पद्मा? चव्वेचाळीस वर्षं मी तिथे...”

“तुमच्याच भल्यासाठी सांगतेय,” बाई म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा वापरलं असेल, पण त्यांना ते अगदी नीट जमलं.

ओमकार जिन्यात उभा होता, अंगावर शाल घेऊन. “आई, मी येतो तुझ्याबरोबर. सुटी टाकतो,” तो म्हणाला.

“तू मीटिंग कर. बाबांकडे लक्ष ठेव. गेटबाहेर सोडू नकोस.” त्या पुढच्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला. खाजाभाईने गाडी चालू केली. काचेवरचं धुरकं खालून हळूहळू उडत गेलं आणि बाईंचा चेहरा आधी अर्धा, मग पूर्ण दिसायला लागला. त्या समोर बघत होत्या. मोठा चष्मा लावला होता.

एकनाथराव गाडीबरोबर गेटपर्यंत चालत गेले. त्यांना अजून वाटत होतं की ती थांबवेल. माणूस असं चव्वेचाळीस वर्षांचं एकदम टाकून जात नाही, शेवटच्या घटकेला म्हणेलच, या, बसा, पुरे झालं. आणि खरंच, रस्त्यावर गेल्यावर गाडी थांबली. काच खाली आली. आतली गरम हवा त्यांच्या तोंडाला लागली.

“गेट लावून घ्या,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “आतून.”

गाडी गेली. एकनाथरावांनी गेट ओढलं, कडी घातली. मागे ओमकार अजून जिन्यातच उभा होता. आत यायला एकवीस पावलं होती. ती चालायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.